पाच अँपिअरचा जाळ

बेंगळुरूच्या जुन्या विमानतळ रस्त्याने मारतहळ्ळीकडे निघालं की वाटेत हिंदुस्तान एरोनॉटिक्सचं वारसा केंद्र आणि विमान संग्रहालय लागतं. २००१ साली सुरू झालेल्या या संग्रहालयात एचएफ-२४ मारुत हे लढाऊ विमान बघायला मिळतं. कुर्ट टांक या जर्मन अभियंत्याच्या मार्गदर्शनाखाली ते बेंगळुरूतच आखलं गेलं आणि १७ जून १९६१ रोजी पहिल्यांदा उडालं. येणाऱ्यांची नजर आधी त्याच्या मागे झुकलेल्या पंखांवर जाते. बंदुकीच्या कामाची ओढ असलेला माणूस मात्र नाकापाशी रेंगाळतो, कारण मारुतच्या नाकात ३० मिलिमीटरच्या चार एडन तोफा बसवलेल्या असत. चारही तोफा एकदम झाडल्या की बसणाऱ्या हादऱ्यांनी अभियंत्यांना पुरतं जेरीस आणलं होतं. बार उडताना धातूला काय सोसावं लागतं, हे समजून घ्यायला याहून ठसठशीत उदाहरण जवळपास नाही.

विमान, बंदूक आणि टिग वेल्डिंग या तीन गोष्टींचा एकमेकींशी काय संबंध, असं कुणालाही वाटेल. पण टिग वेल्डिंगचा जन्मच विमानाच्या कारखान्यात झाला. आणि मारतहळ्ळीच्या शेजारचा हिंदुस्तान एरोनॉटिक्सचा मूळ कारखाना उभा राहत होता, नेमक्या त्याच काळात.

सोलापूरला जन्मलेल्या वालचंद हिराचंद यांनी म्हैसूर संस्थानाच्या साथीने २३ डिसेंबर १९४० रोजी हिंदुस्तान एअरक्राफ्ट ही कंपनी स्थापन केली. मिर्झा इस्माईल तेव्हा म्हैसूरचे दिवाण होते. विल्यम पॉली हा अमेरिकन उद्योजक वालचंदांना योगायोगाने विमानप्रवासात भेटला होता. त्याच्या मदतीने यंत्रसामग्री आणि तंत्रज्ञ आले, आणि १९४१ साली इथे जोडलेलं हार्लो जातीचं पहिलं विमान आकाशात गेलं. पुढच्याच वर्षी महायुद्धाच्या रेट्यात सरकारने कारखान्याचा ताबा घेतला. गॉटिंगेनला लुडविग प्रांट्ल यांच्या हाताखाली डॉक्टरेट केलेले विष्णु माधव घाटगे याच कारखान्यात आले. त्यांच्या नेतृत्वाखाली आखलेलं एचटी-२ हे शिकाऊ वैमानिकांचं विमान १९५१ साली उडालं. बेंगळुरूच्या विमानउद्योगाच्या पायाशी महाराष्ट्रातली दोन माणसं आहेत, हे मराठी वाचकाने आवर्जून लक्षात ठेवावं असं आहे.

हार्लो बेंगळुरूत उडालं त्या सुमारास कॅलिफोर्नियातल्या नॉर्थ्रॉप कंपनीत रसेल मेरेडिथ हा अभियंता एका हट्टी धातूशी झुंजत होता. कंपनीला मॅग्नेशियमच्या मिश्रधातूचं विमान बांधायचं होतं. मॅग्नेशियम अॅल्युमिनियमपेक्षाही हलकं, पण तापून वितळलं की हवेतल्या ऑक्सिजनमुळे पेट घेणारं. नेहमीच्या वेल्डिंगने ते सांधणं अशक्य होतं. मेरेडिथने टंगस्टनच्या सळीच्या टोकाशी विजेचा जाळ धरला आणि त्याच्याभोवती हेलियम सोडला. टंगस्टन ३,४०० अंश सेल्सिअसच्या वर वितळतं, म्हणून जाळ धरूनही ते टिकतं. हेलियम कशाशीच संयोग पावत नाही, म्हणून वितळलेल्या धातूपर्यंत हवा पोचत नाही. फेब्रुवारी १९४२ मध्ये त्याला पेटंट मिळालं आणि ‘हेलिआर्क’ या नावाने ही पद्धत, म्हणजेच आजचं टिग, बाजारात आली. पुढे हेलियमच्या जागी बहुतेक ठिकाणी आर्गॉन आला. तो हवेतच सापडतो, शंभरात जेमतेम एक भाग, आणि हवेपेक्षा जड असल्याने सांध्यावर नीट बसून राहतो.

आपल्याकडे वर्कशॉपात ‘टिग’ म्हणणारे थोडे आणि ‘आर्गॉन वेल्डिंग’ म्हणणारे बरेच. मारतहळ्ळीच्या आसपास रिंग रोडला लागून असलेल्या गल्ल्यांत किंवा पुढे महादेवपुराच्या औद्योगिक वसाहतीत ‘आर्गॉन’ची पाटी दिसली, की तिथे मोटरसायकलचं फुटलेलं इंजिन-केसिंग, हॉटेलच्या किचनमधलं स्टीलचं टेबल, जिन्याचा कठडा, कारचा चेपलेला ऑइल संप असली कामं चालू असतात. आयटीवाल्यांच्या महागड्या मोटरसायकलींनी या कारागिरांना बरंच काम दिलं आहे. बंदूक मात्र या गल्ल्यांत येत नाही. येऊही नये.

हे आधीच स्पष्ट केलेलं बरं, कारण परदेशी व्हिडिओ बघून ‘बंदुकीच्या कामासाठी टिग शिकायचं’ असं ठरवणाऱ्या अनेक तरुणांना हा भाग ठाऊक नसतो. १९५९ च्या शस्त्र कायद्याचं पाचवं कलम बंदूक बनवणं आणि विकणं एवढ्यावरच थांबत नाही. बंदुकीत बदल करणं, ती दुरुस्त करणं, तिची चाचणी घेणं, या सगळ्याला परवाना लागतो. नळी आखूड करणं किंवा नकली बंदुकीची खरी बनवणं यासाठी सहावं कलम वेगळं आहे. २०१९ च्या दुरुस्तीने शिक्षा आणखी कडक केली. परवान्याशिवाय बंदूक बनवणाऱ्याला आता किमान सात वर्षं आणि जास्तीत जास्त जन्मठेप होऊ शकते. बंदूक बाळगण्याचा परवाना खिशात असला, म्हणून ती कोपऱ्यावरच्या वेल्डरकडे देता येत नाही. दुरुस्ती होते ती परवानाधारक दुकानातच, आणि तिथे आलेल्या-गेलेल्या प्रत्येक हत्याराची नोंद ठेवावी लागते.

मग अशा कामाची गरज तरी कुणाला असते? उत्तरासाठी बेंगळुरूहून कोडगूपर्यंत जावं लागतं. कोडव समाजाला आणि तिथल्या जम्मा जमिनीच्या धारकांना ब्रिटिश काळापासून शस्त्र परवान्यातून सूट आहे. केंद्र सरकारने २०१९ साली ती आणखी दहा वर्षांसाठी वाढवली. सप्टेंबरच्या सुरुवातीला येणाऱ्या कैलपोढ सणाला घराघरांतल्या बंदुका पुसून, फुलं वाहून पुजल्या जातात. घरात मुलगा जन्मला की बार काढण्याची जुनी रीत आहे. खंडेनवमीला तलवारीला गंध लावणाऱ्या मराठी घरांना हे परकं वाटणार नाही. बंदुका पिढ्यानपिढ्या चालत आलेल्या, हवा कॉफीच्या मळ्यांची दमट. त्यामुळे गंज, झिजलेले स्क्रू, ढिले झालेले सांधे हे ओघानेच आलं.

कोकणातही चित्र फारसं वेगळं नाही. सिंधुदुर्गात रानडुकरं आणि वानरांपासून बागा राखायला शेतकऱ्यांना शेतीसंरक्षणाचे परवाने दिलेले असतात. त्यातल्या कितीतरी ठासणीच्या बंदुका. निवडणूक आली की त्या पोलीस ठाण्यात जमा कराव्या लागतात आणि परत येतात तेव्हा त्यांना तेलपाणी करणं आलंच. तिसरा वर्ग नेमबाजांचा. १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेने ५० मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये कांस्यपदक मिळवलं, तो याच वर्गातला. अशा रायफलींना वजनं, आधार, गालाशी टेकणाऱ्या पट्ट्या, स्टँड असं बरंच काही जोडलेलं असतं. बंदुकीचा भाग न ठरणारं हे सामान बनवताना टिग शिकलेल्या हाताला मोकळेपणाने काम करता येतं. नवख्याने सुरुवात इथून करावी.

खुद्द बंदुकीवर टिगचा जाळ धरायचे प्रसंग मोजकेच. कुणीतरी पूर्वी दुर्बीण बसवताना चुकीच्या जागी पाडलेलं स्क्रूचं भोक बुजवायचं असतं. बोल्टच्या दांड्याची झिजलेली गाठ भरायची असते. एखाद्या जुन्या रायफलीच्या ट्रिगर-गार्डला चीर गेलेली असते. परवानाधारक कारागिराकडे येणारं वेल्डिंग बहुतेक या जातीचं. जिथे वेल्ड करायचं नाही त्या जागांची यादी मात्र बरीच लांब आहे आणि शिकणाऱ्याने ती आधी पाठ करायला हवी.

नळी आणि चेंबर त्या यादीत सगळ्यात वर. बार उडतो तेव्हा वायूचा सगळा दाब तिथे येतो. बोल्टच्या पुढच्या टोकाला असलेले लॉकिंग लग, म्हणजे बार उडताना बोल्टला जागेवर धरून ठेवणारे दात, हेही तितकेच नाजूक. हे भाग ठरावीक तापमानाला तापवून, थंड करून, पुन्हा मापाने तापवून कणखर केलेले असतात. वेल्डिंगचा जाळ काही सेकंदांत हा सगळा हिशेब मोडतो, आणि वरून बघणाऱ्याला काहीही कळत नाही. दोन नळ्यांच्या छऱ्याच्या बंदुकीत नळ्यांमधली पट्टी बहुधा मऊ डाखाने बसवलेली असते. तिथे टिगची टॉर्च नेली तर डाख वितळून वाहतो आणि सबंध जोडणी उकलते.

ठासणीच्या जुन्या बंदुकीची गोष्ट तर आणखी वेगळी. तिची नळी पुष्कळदा लोखंडी पट्टी गाभ्याभोवती पिळून, भट्टीत तापवून, ऐरणीवर ठोकून बनवलेली असते. म्हणजे ती सबंध नळी हाच लोहाराने घातलेला एक लांबलचक सांधा. त्यात मळी अडकलेली असते, थर सुटलेले असतात. तिला आधुनिक वेल्डिंग मानवत नाही, आणि ऐतिहासिक वस्तू असेल तर तिच्यावर जाळ धरणं म्हणजे कागदपत्रावर शाई सांडणं. संग्रहालयातले जाणकार जुन्या हत्याराला जे करतील ते पुन्हा उलटवता येईल असंच करतात. वेल्ड उलटवता येत नाही.

पोलादाची जात ओळखता आली नाही तर पुढचं सगळं शिक्षण फुकट जातं. आपल्या वर्कशॉपांत ‘ईएन-१९’ म्हणून ओळखलं जाणारं क्रोम-मॉलि पोलाद, अमेरिकेत ज्याला ४१४० म्हणतात, बंदुकीच्या अनेक भागांत वापरलं जातं. त्यात सुमारे ०.४ टक्का कार्बन असतो. असा धातू वितळवून नुसता सोडून दिला तर आजूबाजूचा थंड धातू त्याची उष्णता झटकन ओढून घेतो आणि सांध्याच्या कडेला काचेसारखा कडक, ठिसूळ पट्टा तयार होतो. तासाभराने, कधी दुसऱ्या दिवशी, तिथे केसाएवढी चीर दिसते. म्हणून असा जॉब आधी दोनेकशे अंशांपर्यंत तापवून घेतात आणि वेल्ड झाल्यावर हळूहळू निवू देतात. पहिल्या महायुद्धापूर्वीच्या काही रायफलींची रिसीव्हर, म्हणजे बोल्ट सामावणाऱ्या चौकटी, याउलट मवाळ, कमी कार्बनच्या पोलादाची आणि फक्त वरच्या पातळ थरात कडक केलेली असतात. तिथे वेल्डिंगने तो थरच जातो. एकच टॉर्च, एकच तार, आणि दोन बंदुकांवर दोन वेगळे परिणाम.

आता हाताकडे येऊ.

आयटीआयचा वेल्डर ट्रेड एक वर्षाचा असतो आणि त्यात टिगची तोंडओळख होते. बेंगळुरूत एनटीटीएफ आणि शासकीय टूल रूम अशा संस्थांनी यंत्रकामाच्या कितीतरी पिढ्या घडवल्या. तिरुचिरापल्लीला भेलची वेल्डिंग रिसर्च इन्स्टिट्यूट १९७५ पासून आहे. चिंचवडला अडोरचा जुना कारखाना आहे, त्यामुळे पुण्याच्या परिसरात वेल्डिंग जाणणाऱ्यांची वाण नाही. पण कुठेही शिका, पहिले अनेक दिवस बंदुकीसारखं काहीही समोर येत नाही. दीड मिलिमीटरचा साधा पत्रा येतो, आणि त्यावर तार न घालता नुसती रेघ ओढायची असते.

त्या रेघेत सगळं काही आहे. टंगस्टनचं टोक पत्र्यापासून दीड-दोन मिलिमीटर वर धरायचं, त्याहून वर नाही. टॉर्च थोडी मागे कललेली. पेडल दाबलं की टोकाखाली एक चकाकता थेंब तयार होतो. कारागीर त्याला ‘पडल’ म्हणतात. तो एकाच मापाचा ठेवत पुढे न्यायचा. हात पुढे गेला आणि थेंब मागे राहिला तर घाई झाली. थेंब पसरून खाली लोंबायला लागला तर उशीर झाला. करंगळी टेबलावर टेकवून सरकवली तर हात थरथरत नाही, हे पहिल्या आठवड्यातच कळतं. मग दुसऱ्या हातात तार येते, आणि तिचं टोक जाळात नाही तर थेंबाच्या पुढच्या कडेला टेकवायचं असतं. टंगस्टन चुकून थेंबात बुडलं तर तिथेच थांबायचं, टोक तोडायचं, पुन्हा घासायचं. घासतानाही रेघा सळीच्या लांबीच्या दिशेने हव्यात, आडव्या असतील तर जाळ भरकटतो.

स्टेनलेसचा पत्रा बोलका असतो. सांधा फिक्या सोनेरी रंगाचा दिसला तर वायूचं आवरण आणि उष्णता दोन्ही ठीक. निळा-जांभळा झाला तर उष्णता जास्त. करडा, रखरखीत झाला तर हवा आत शिरली. साधं पोलाद इतकं सांगत नाही, म्हणून त्याचा सांधा आडवा कापून, पॉलिश करून, सौम्य आम्लात बुडवून बघावा. कुठवर वितळलं, कुठे तार वर नुसती बसली, हे डोळ्यांना दिसतं. मग पट्टी व्हाइसमध्ये धरून वाकवायची. वाकवताना तडकलेल्या प्रत्येक पट्टीतून शिकायला मिळतं, आणि पट्टी स्वस्त असते.

बंदुकीच्या कामाची खरी परीक्षा मात्र वेल्डनंतर येते. समजा, एका मोडीतल्या पोलादी ठोकळ्यावर स्क्रूचं भोक बुजवून सराव केला. भोकाच्या तळाशी आधी वितळवायचं, मग तार घालत वर यायचं. घाईने वरून झाकलं तर खाली पोकळी राहते आणि कानस फिरवल्यावर सुईच्या टोकाएवढं छिद्र डोळे वटारून बघतं. कानस, मग पॉलिश पेपर, मग आणखी बारीक. ठोकळा आरशासारखा झाला की जागा सापडत नाही आणि शिकणाऱ्याला वाटतं की जमलं. मग तो ठोकळा काळ्या-निळ्या रासायनिक मुलाम्यात बुडवतात, ज्याला ब्लूइंग म्हणतात, आणि नेमकं त्या भोकाच्या जागी वेगळ्या छटेचं वर्तुळ उमटतं, कारण तारेचं रसायन ठोकळ्याच्या रसायनाशी जुळलेलं नसतं. बंदुकीचं काम आणि कठड्याचं काम यांत फरक पडतो तो या वर्तुळापाशी. साध्या पोलादासाठी चालणारी तार ईएन-१९ वर घातली तर सांधा टिकेल, पण रंग फसेल. जुळणारी तार शोधणं, वेगवेगळ्या तारांचे नमुने एकाच ठोकळ्यावर घालून, बुडवून, लेबल लावून ठेवणं हे काम कंटाळवाणं आहे आणि करायलाच हवं.

इतकं झाल्यावर मशिनचा प्रश्न येतो. बहुतेक जण तो सगळ्यात आधी विचारतात, तोही ‘किती अँपिअरचं घेऊ?’ या शब्दांत. प्रश्न उलटा हवा: ‘किती कमी अँपिअरवर ते नीट चालतं?’

हिशेब सोपा आहे. साध्या पोलादाला जाडीच्या दर मिलिमीटरला चाळीसेक अँपिअर हा ढोबळ आडाखा. म्हणजे दीड मिलिमीटरच्या पत्र्याला साठ. टिगच्या जाळाचा विद्युतदाब मोजण्याचं प्रमाण सूत्र असं, की अँपिअरच्या चार शतांशात दहा मिळवायचे. साठ अँपिअरला १२.४ व्होल्ट येतात आणि जाळाची शक्ती साडेसातशे वॅटच्या आत राहते, घरातल्या इस्त्रीपेक्षा कमी. दोनशे अँपिअरला १८ व्होल्ट, म्हणजे ३,६०० वॅट. पाच अँपिअरला अवघे पन्नासेक वॅट. बंदुकीचे बारीक भाग या खालच्या टोकाला राहतात. जाहिरातीत मोठ्या अक्षरात छापलेला आकडा दोनशेचा असतो. जो आकडा बघायचा तो माहितीपत्रकाच्या शेवटच्या ओळीत असतो आणि काही मशिनच्या माहितीपत्रकात नसतोच. पाच अँपिअरवर जाळ न फडफडता धरणारं मशिन तीनशे अँपिअरच्या धुडापेक्षा इथे जास्त उपयोगाचं आहे.

दुसरा खर्चिक प्रश्न एसीचा. पोलाद, स्टेनलेस, तांबं, टायटॅनियम ही सगळी डीसीवर होतात. एसी लागतो तो मुख्यतः अॅल्युमिनियमला. अॅल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं, पण त्याच्या अंगावरचा ऑक्साइडचा थर दोन हजारांच्या वर. एसीच्या उलट-सुलट प्रवाहात तो थर फोडला जातो. बंदुकांत अॅल्युमिनियम असतं, पण उच्च दर्जाच्या रचनांत वापरलं जाणारं ७०७५ जातीचं अॅल्युमिनियम वेल्ड केलं की तडकतं. विमानातही म्हणूनच ते रिव्हेटने जोडतात. नवी हत्यारं तर वेल्डिंगपासून आणखी दूर गेली आहेत. लेफ्टनंट कर्नल प्रसाद बनसोड यांनी पुण्याच्या एआरडीईबरोबर विकसित केलेलं, २०२१ च्या जानेवारीत पुढे आलेलं ‘अस्मी’ पिस्तूल बघा. वरचा भाग विमानाच्या दर्जाच्या अॅल्युमिनियमचा, खालचा कार्बन फायबरचा, आणि ट्रिगरचे काही भाग धातूच्या थ्रीडी प्रिंटिंगचे. बेंगळुरूत एसएसएस डिफेन्स ही खासगी कंपनी स्नायपर रायफली बनवते. तिचं मूळ स्प्रिंगा बनवणाऱ्या स्टम्प, शुले अँड सोमप्पा या कंपनीत आहे. अशा कारखान्यांत नेमकेपणा कापकामातून आणि उष्णतेच्या प्रक्रियेतून येतो. वेल्डिंगचं काम उरतं ते दुरुस्तीत. त्यामुळे निव्वळ बंदुकीच्या पोलादी दुरुस्तीसाठी डीसी मशिन पुरतं. एसी-डीसी घ्यायचं ते मोटरसायकलची केसिंगं, कारचे संप या कामातून पैसे निघणार असतील तरच. मारतहळ्ळीत ते निघतात, म्हणून तिथल्या दुकानदाराला हा सल्ला लागू नाही. कोडगूतल्या किंवा सावंतवाडीतल्या परवानाधारक बंदूक-कारागिराला लागू आहे.

जाळ सुरू कसा होतो हेही बघावं. स्वस्त मशिनमध्ये टंगस्टन जॉबवर घासून जाळ पाडावा लागतो आणि त्याचा कण धातूत अडकतो. तो कण म्हणजे पुढच्या चिरेचं बीज. ‘लिफ्ट’ पद्धत, म्हणजे टंगस्टन हलकेच टेकवून उचलणं, त्याहून बरी. एचएफ, म्हणजे उच्च वारंवारतेच्या ठिणगीने न टेकता जाळ पाडणारी पद्धत, बारीक कामाला सगळ्यात चांगली. तिच्यामुळे शेजारची इलेक्ट्रॉनिक उपकरणं बिघडू शकतात, एवढं ध्यानात ठेवायचं. पायाचं पेडल बसवण्याची सोय हवीच. टेबलाशी बसून काम करणाऱ्याच्या दोन्ही हातांत काहीतरी असतं, आणि वेल्डच्या शेवटी उष्णता हळूहळू उतरवली नाही तर थेंबाच्या मधोमध खड्डा पडून तिथून चीर सुरू होते. जाळ विझल्यावरही काही सेकंद वायू चालू राहायला हवा, म्हणजे तापलेलं टंगस्टन आणि सांधा दोन्ही काळवंडत नाहीत.

टॉर्च बहुधा मशिनबरोबर मोठी देतात. ‘१७’ किंवा ‘२६’ नंबरची टॉर्च कठड्यासाठी ठीक, पण ट्रिगर-गार्डच्या वळणात ती शिरत नाही. ‘९’ नंबरची छोटी टॉर्च वेगळी घ्यावी आणि तिला गॅस लेन्स बसवावी. तिच्यातल्या बारीक जाळीतून आलेला आर्गॉन शांतपणे वाहतो आणि टंगस्टन थोडं जास्त बाहेर काढून कोपऱ्यात नेता येतं. टंगस्टन लँथनम मिसळलेलं घ्यावं. लाल टोकाच्या सळीत थोरियम असतो. तो किरणोत्सर्गी आहे आणि घासताना उडणारी त्याची धूळ छातीत जाऊ नये.

बेंगळुरूत वीज हा वेगळा विषय आहे. भाड्याच्या गाळ्यात सिंगल फेजचा मंजूर भार किती आहे हे आधी बघायला हवं. दोनशे अँपिअरवर जाळाचीच शक्ती साडेतीन किलोवॅटच्या वर, आणि मशिन त्याहून जास्त ओढतं. मशिनची ‘ड्यूटी सायकल’ दहा मिनिटांच्या हिशेबाने सांगतात. साठ टक्के म्हणजे सहा मिनिटं काम आणि चार मिनिटं विश्रांती, तीही चाळीस अंश तापमानाला मोजलेली असेल तर. व्होल्टेज खाली-वर झालं तर स्वस्त इन्व्हर्टर मशिनचं बोर्ड आधी जातं, म्हणून ते दुरुस्त करणारा माणूस शहरात आहे का, सुटे भाग मिळतात का, हे विकत घेण्याआधी विचारावं. आर्गॉनचा सात घनमीटरचा सिलिंडर मिनिटाला आठ लिटरने वापरला तर जाळाच्या चौदा तासांच्या वर पुरतो. बारीक कामात हे महिनोन्‌महिने चालतं. गळक्या रेग्युलेटरने तो वाया जाऊ नये म्हणून मशिनवर वाचवलेले पैसे चांगल्या रेग्युलेटरवर घालावेत.

सुरक्षिततेचा एक धोका बंदुकीच्या कामात जास्त असतो. बंदुका तेलात माखलेल्या येतात आणि ते तेल काढायला काही जण ब्रेक क्लीनरचा फवारा मारतात. त्यात क्लोरीनयुक्त द्रावक असेल आणि ते जॉबवर उरलं असेल, तर जाळाच्या उष्णतेने आणि अतिनील किरणांनी त्यातून फॉस्जीन तयार होऊ शकतो. पहिल्या महायुद्धात हाच वायू माणसं मारायला वापरला होता. अॅसिटोनने पुसून, पूर्ण सुकवूनच काम सुरू करावं. आर्गॉनला वास नसतो आणि तो खाली साचतो, म्हणून शटर लावलेल्या गाळ्यात काम करू नये. हेल्मेटशिवाय ‘एक टाका’ मारला तरी रात्री डोळ्यांत वाळू भरल्यासारखं होतं. आणि दाबाखाली हवा साठवणाऱ्या एअर रायफलच्या सिलिंडरवर कधीच, कोणत्याही कारणाने, जाळ धरायचा नाही. त्यात दोनशे बार किंवा त्याहूनही जास्त दाब असू शकतो.

मशिन घ्यायला रिकाम्या हाताने जाऊ नये. दीड मिलिमीटरचा पत्रा, ईएन-१९ चा एक छोटा ठोकळा आणि घासून टोक काढलेलं १.६ मिलिमीटरचं टंगस्टन घेऊन जावं. दुकानदाराला आर्गॉन जोडायला सांगावं. सगळ्यात खालच्या अँपिअरवर दहा वेळा जाळ पाडून बघावा आणि किती वेळा पहिल्या झटक्यात लागला हे मोजावं. मग पेडल हळूहळू दाबत थेंब वाढतो का आणि सोडताना तितक्याच हळू आटतो का, ते बघावं. पत्र्याच्या कडेवर रेघ ओढावी, कारण कड पटकन जळते आणि मशिनचा स्वभाव तिथे उघड होतो. शेवटी पूर्ण अँपिअरवर काही मिनिटं चालवून पंखा आणि केबलचा सॉकेट किती तापतो हे हात जवळ नेऊन तपासावं. जो दुकानदार हे सगळं करू देतो त्याच्याकडून घ्यावं, मग ते मशिन चार हजारांनी महाग असलं तरी. जो फक्त खोक्यावरचा आकडा दाखवतो त्याचा निरोप घ्यावा आणि पुढच्या दुकानात जावं.